हाडात सापडलेली थायरॉइडची पेशी

प्रौढ माणसाच्या हाडात आढळणारी कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा त्या हाडात जन्मलेली नसते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या अवयवांच्या कर्करोगांची हाडांत पसरण्याची प्रवृत्ती विशेष आहे, आणि मूळ जागा सोडून अशा रीतीने दूर रुजलेल्या गाठीला वैद्यकात दुय्यम गाठ म्हणतात. या सर्वांत थायरॉइडचा, म्हणजे गळ्यात श्वासनलिकेपुढे असणाऱ्या अवटू ग्रंथीचा, कर्करोग संख्येने मागे असला तरी निदानाच्या दृष्टीने तो फार लक्षवेधी आहे. कारण त्याच्या हाडातील गाठीतून सुईने काढलेल्या पेशी जे निःसंदिग्धपणे सांगतात, तेच त्याच प्रकारच्या पेशी गळ्यातून काढल्या असता सांगू शकत नाहीत. हा विरोधाभास कसा निर्माण होतो आणि तो ओळखल्याने रुग्णाच्या उपचारात कोणता फरक पडतो, हा या प्रकरणाचा विषय आहे.

थायरॉइडच्या आत असंख्य सूक्ष्म गोल पोकळ्या असतात, त्यांना पुटके म्हणतात. प्रत्येक पुटकाची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि आतल्या पोकळीत कोलॉइड नावाचा, खळीसारखा दाट पदार्थ साठलेला असतो. थायरोग्लोब्युलिन हे मोठे प्रथिन या कोलॉइडचा मुख्य घटक असून ग्रंथीची संप्रेरके याच प्रथिनाला आयोडीन जोडून तयार होतात. शरीरातील दुसरा कोणताही निरोगी अवयव हे प्रथिन बनवत नाही, आणि पुढे निदानाची बरीचशी मदार या एका गोष्टीवर असते.

पुटकांच्या पेशींपासून निघणाऱ्या कर्करोगांत पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे दोन प्रकार प्रमुख आहेत. पॅपिलरी प्रकार सर्वांत जास्त आढळतो. तो प्रामुख्याने लसीकावाहिन्यांतून मानेतल्या लसीकाग्रंथींकडे सरकतो आणि बरेच दिवस गळ्याच्या परिसरातच राहतो. फॉलिक्युलर प्रकार मात्र रक्तवाहिन्यांत शिरतो, आणि रक्ताबरोबर फुप्फुसात व हाडात पोचतो. वेगवेगळ्या अभ्यासांचा गोषवारा पाहिला तर फॉलिक्युलर कर्करोगाच्या सुमारे ७ ते २८ टक्के रुग्णांत, तर पॅपिलरीच्या सुमारे १ ते ७ टक्के रुग्णांत हाडांतील दुय्यम गाठी आढळल्या आहेत. ज्या प्रदेशांत माती आणि पाणी यांत आयोडीन कमी असते आणि गलगंड सर्रास दिसतो, तिथे फॉलिक्युलर प्रकाराचा वाटा तुलनेने अधिक असतो. आयोडीनयुक्त मिठाचा वापर रुळला की तो वाटा घटत जातो, असा अनेक देशांचा अनुभव आहे.

हाडांपैकी मणके, श्रोणीची हाडे, बरगड्या, मांडीचे हाड, उरोस्थी आणि कवटी या ठिकाणी हा रोग अधिक दिसतो, कारण या हाडांत रक्त तयार करणारी तांबडी मज्जा असते आणि तिचा रक्तपुरवठा भरपूर असतो. मणक्यांच्या बाबतीत आणखी एक कारण सांगितले जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिले, की पाठीच्या कण्याभोवती झडपा नसलेल्या शिरांचे एक जाळे असते, खोकताना किंवा जोर करताना त्यातला प्रवाह उलटू शकतो, आणि त्यामुळे कर्करोगाच्या पेशी फुप्फुसाला वळसा घालून थेट मणक्यांत पोचू शकतात. बॅटसन यांचा अभ्यास मुख्यतः प्रोस्टेटच्या रोगासंबंधी होता, तरी मणक्यांकडे जाणारा हा मार्ग इतर कर्करोगांनाही लागू होतो.

थायरॉइडच्या दुय्यम गाठी हाड पोखरतात. वेदना, विशेषतः रात्री विश्रांती घेतानाही न थांबणारी वेदना, किरकोळ धक्क्याने होणारा अस्थिभंग, किंवा मणका खचून मज्जारज्जूवर दाब आल्याने पायांतली शक्ती जाणे, ही त्यांची नेहमीची लक्षणे. काही गाठींचा रक्तपुरवठा इतका असतो की कवटीवर किंवा उरोस्थीवर हात ठेवल्यास त्या नाडीच्या ठोक्याबरोबर उडताना जाणवतात. फॉलिक्युलर कर्करोगाच्या काही रुग्णांत हाडाचे दुखणे हेच रोगाचे पहिले लक्षण असते, आणि गळ्यातली गाठ एकतर हाताला लागत नाही किंवा वर्षानुवर्षे न दुखता असल्यामुळे कोणी तिच्याकडे लक्ष दिलेले नसते. अशा वेळी रक्तातील टीएसएचची तपासणी होते, ती बहुधा नॉर्मल येते आणि थायरॉइडचा प्रश्न मिटला असे गृहीत धरले जाते. हे गृहीत चुकीचे आहे. टीएसएच ग्रंथीचे काम कसे चालले आहे हे सांगते. ग्रंथीत कर्करोग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

भारतात याहून मोठी अडचण क्षयरोगाची आहे. पाठदुखी, वजन घटणे आणि एक्स-रेमध्ये खचलेला मणका एवढे दिसले की मणक्याच्या क्षयाचा संशय येणे स्वाभाविक आहे आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. दोहोंत एक उपयुक्त फरक आहे: क्षय सहसा दोन शेजारचे मणके आणि त्यांच्यामधली चकती यांना एकत्र ग्रासतो, तर कर्करोगात मणका खचला तरी चकती बहुधा शाबूत राहते. परंतु हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो, आणि एमआरआयवर कितीही ठाम मत दिले गेले तरी ते शेवटी सावल्यांवरून बांधलेले अनुमानच असते. ऊतीचा पुरावा न घेता क्षयाची औषधे सुरू करून काही महिने वाट पाहिली, तर कर्करोगाच्या रुग्णाच्या हातून नेमका उपचाराचा काळ निसटतो. म्हणून मणक्यातून नमुना काढतानाच त्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी आणि एक भाग क्षयजंतूंच्या कल्चर व सीबीनॅट तपासणीसाठी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अत्यावश्यक मानली पाहिजे. दुसऱ्यांदा सुई टोचण्याची वेळ रुग्णावर आणणे योग्य नाही.

सुईने गाठीतला अंश ओढून घेण्याच्या पद्धतीला आधुनिक रूप न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मिळाले. शल्यचिकित्सक हेज मार्टिन आणि प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि लगेच १९३१ मध्ये त्याच संस्थेतील ब्रॅडली कोली यांनी एलिस आणि जॉर्ज शार्प यांच्यासह हाडांच्या गाठींसाठी ती कशी वापरता येते हे मांडले. म्हणजे हाडाची सुईतपासणी ही नंतर सुचलेली गोष्ट नसून ती या पद्धतीच्या आरंभापासूनच तिच्याबरोबर आहे. अमेरिकेत पुढे तिच्याविषयीचा उत्साह ओसरला. तिला नवे आयुष्य दिले ते स्वीडनने. निल्स सॉडरस्ट्रॉम यांनी १९५२ मध्ये गलगंडातून सुईने पेशी काढण्यावर लिहिले, आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत सिक्स्टेन फ्रान्झेन व योसेफ झायिचेक यांच्यासारख्यांनी बारीक सुईचे तंत्र पक्के केले. आज ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सरसकट एफएनएसी म्हणतात, ते हेच तंत्र.

हाडासाठी दोन प्रकारच्या सुया वापरल्या जातात आणि त्यांचा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. एफएनएसीची सुई जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते. ती हाडाच्या अभंग कवचातून जाऊ शकत नाही, परंतु थायरॉइडच्या गाठीने ते कवच पोखरून पातळ केलेले किंवा फोडलेले असते, त्यामुळे इथे ती पुष्कळदा सहज आत शिरते. तिच्यातून सुट्या पेशी आणि पेशींचे लहान पुंजके मिळतात, ते काचपट्टीवर पसरून, रंगवून त्याच दिवशी पाहता येतात. कवच शाबूत असेल, किंवा पेशींची रचना अखंड तुकड्यात पाहायची असेल, तर जाड पोकळ सुई लागते. खोस्रो जमशीदी यांनी मज्जेच्या तपासणीसाठी घडवलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी सुई हे तिचे परिचित उदाहरण. तिने हाडाचा बारीक दंडगोल तुकडा निघतो, आणि या दुसऱ्या प्रकारालाच काटेकोर अर्थाने बायोप्सी म्हणतात. दोन्ही नमुने एकाच बैठकीत, एकाच वाटेने घेणे हे उत्तम.

सुई नेमकी कुठे पोचली हे सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत पाहत ती पुढे सरकवली जाते. मणक्याच्या मुख्य भागात पोचण्यासाठी पाठीकडून, मणक्याच्या कमानीला त्याच्या मुख्य भागाशी जोडणाऱ्या आखूड अस्थिखांबातून जाणारी वाट सुरक्षित समजली जाते, कारण तिच्या दोन्ही बाजूंचे हाड मज्जारज्जू आणि चेतातंतू यांचे रक्षण करते. रुग्णाला पालथे झोपवून, त्वचा आणि हाडावरचे आवरण बधिर करून हे काम बहुधा पूर्ण भूल न देता होते. थायरॉइडच्या गाठी रक्ताने भरलेल्या असल्यामुळे रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी पाहणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी विचारणे टाळता येत नाही. शिवाय सुईत नुसतेच रक्त येण्याचा धोका असतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे पॅथॉलॉजिस्ट सीटीच्या खोलीशेजारीच सूक्ष्मदर्शक घेऊन बसतो आणि पहिली काचपट्टी झटपट रंगवून नमुना पुरेसा आहे की नाही हे सांगतो. ही सोय दिसायला साधी आहे, पण अपुऱ्या नमुन्यामुळे वाया जाणाऱ्या तपासण्या तिने नक्कीच वाचतात.

आता सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्राकडे वळता येईल. पॅपिलरी कर्करोगाच्या पेशी त्यांच्या केंद्रकांवरून ओळखू येतात: केंद्रक फिकट आणि मोठे होते, त्यावर लांबट खाच दिसते, आणि काही केंद्रकांच्या आत बाहेरच्या पेशीद्रव्याचा गोल शिरकाव झालेला असतो. ही चिन्हे गळ्यात दिसली काय आणि हाडात दिसली काय, निदान तेच राहते. फॉलिक्युलर कर्करोगाचे तसे नाही. त्याच्या पेशी लहान, एकसारख्या आणि शांत दिसणाऱ्या असतात, त्या छोट्या कड्यांत मांडलेल्या असतात आणि कड्यांच्या मध्ये कोलॉइडचा थेंब असतो. निरुपद्रवी फॉलिक्युलर गाठीतल्या पेशीही हुबेहूब अशाच दिसतात. दोहोंतला फरक पेशीत नसून वागणुकीत आहे: कर्करोगाची गाठ स्वतःभोवतालचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदून बाहेर पडते, निरुपद्रवी गाठ पडत नाही. सुई मात्र आवरणाच्या आतूनच पेशी ओढून घेते. आवरण भेदले गेले आहे का हे तिला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून थायरॉइडच्या सुईतपासणीचे अहवाल ज्या बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत लिहिले जातात, त्यातल्या चौथ्या वर्गात फक्त ‘फॉलिक्युलर गाठ’ एवढेच म्हणता येते, आणि ती कर्करोगाची आहे की नाही हे ठरवण्यासाठी ग्रंथीचा तो भाग काढून अखंड तपासावा लागतो.

हाडात मात्र हा प्रश्न उरत नाही. हाडात थायरॉइडच्या ऊतीला स्वाभाविक जागा नाही; तिथे पुटक-पेशी आणि कोलॉइड सापडले, तर त्यांनी आपल्या ग्रंथीचे आवरण भेदले, रक्तवाहिनी गाठली आणि दूर जाऊन वाढ सुरू केली, हे त्यांच्या तिथे असण्यानेच सिद्ध होते. पेशी दिसायला कितीही निरागस असो, तिचा पत्ताच तिच्याविरुद्धचा पुरावा असतो. हे न ओळखल्यामुळे वैद्यकाचा इतिहास एका जुन्या घोटाळ्यातून गेला आहे. ब्रेस्लाऊचे पॅथॉलॉजिस्ट युलिउस कोनहाइम यांनी १८७६ मध्ये साध्या दिसणाऱ्या गलगंडाची दुय्यम गाठ दूरच्या अवयवांत आढळल्याचे वर्णन केले, आणि त्यानंतर कित्येक दशके ‘पसरणारा निरुपद्रवी गलगंड’ ही संकल्पना पुस्तकांत टिकून राहिली. आजच्या समजुतीप्रमाणे असे रुग्ण म्हणजे उत्तम विभेदित, अर्थात मूळ ऊतीशी फार साम्य राखणाऱ्या, फॉलिक्युलर कर्करोगाचेच रुग्ण होते. पसरणे आणि निरुपद्रवी असणे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

या नियमालाही एक सावध तळटीप हवी. मानेतल्या खालच्या मणक्यांचा नमुना घेताना सुई पुढच्या बाजूने नेली, तर ती वाटेत खुद्द थायरॉइडमधून किंवा तिच्या अगदी जवळून जाऊ शकते, आणि मग काचपट्टीवर दिसणाऱ्या पुटक-पेशी मणक्यातल्या की वाटेतल्या, हा प्रश्न खरोखरच उभा राहतो. अशा वेळी सुईचा मार्ग अहवालात नोंदलेला असणे आणि पेशींबरोबर हाडाचे कण किंवा मज्जेचे अंश दिसणे यांना महत्त्व येते.

कर्करोग विभेदन गमावू लागला की कोलॉइड नाहीसे होते, पुटके मोडतात, आणि केवळ दिसण्यावरून या पेशी थायरॉइडच्या की मूत्रपिंडाच्या की फुप्फुसाच्या, हे सांगणे अवघड होते. तेव्हा प्रतिपिंडांच्या साह्याने विशिष्ट प्रथिने रंगवण्याची पद्धत कामी येते. टीटीएफ-१ हे प्रथिन थायरॉइडच्या पेशींत असते, परंतु फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगातही असते. पॅक्स-८ थायरॉइडमध्ये असते, परंतु मूत्रपिंडाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगांतही दिसते. दोन्ही एकत्र दिसली तर बोट थायरॉइडकडे वळते, आणि थायरोग्लोब्युलिन दिसले तर शंका जवळजवळ उरत नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग इथला सर्वांत फसवा स्पर्धक आहे, कारण त्याच्याही हाडातील गाठी पोखरणाऱ्या, रक्ताने भरलेल्या, कधी नाडीबरोबर उडणाऱ्या असतात; त्यात थायरोग्लोब्युलिन व टीटीएफ-१ नसतात. पुटकांऐवजी थायरॉइडच्या सी पेशींपासून निघणाऱ्या मेड्युलरी कर्करोगात थायरोग्लोब्युलिन नसून कॅल्सिटोनिन असते, आणि हा फरक चुकला तर पुढचा सगळा उपचारच चुकतो.

या रंगकामासाठी सुट्या पेशींचा उरलेला अंश मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. हाडाचा तुकडा असेल तर त्यातले कॅल्शियम आधी काढावे लागते. तीव्र आम्लाने ते लवकर निघते, पण पेशींतील डीएनए खराब होतो आणि बीआरएएफ, आरएएस किंवा आरईटी या जनुकांतील बदल नंतर तपासता येत नाहीत. ईडीटीएने वेळ अधिक लागतो, पण नमुना पुढच्या तपासण्यांसाठी चांगला राहतो. तुकड्याचा मऊ भाग या प्रक्रियेतून वगळून वेगळा ठेवणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. रक्तातील थायरोग्लोब्युलिनची पातळी फार वाढलेली असेल तर ती निदानाला बळ देते. मात्र साध्या गलगंडातही ती वाढते, त्यामुळे ती ऊतीच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

या निदानासाठी एवढा खटाटोप का करावा, याचे उत्तर उपचारात आहे. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉंटेफिओर हॉस्पिटलमध्ये सॅम्युएल साइडलिन यांच्यापुढे एक असा रुग्ण होता, ज्याची थायरॉइड ग्रंथी पूर्वीच काढलेली असूनही ग्रंथीच्या अतिकार्याची लक्षणे त्याच्यात दिसत होती, कारण त्याच्या दुय्यम गाठीच संप्रेरके बनवत होत्या. त्याला किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर ते त्या गाठींनी शोषून घेतले आणि लक्षणे ओसरली. साइडलिन, भौतिकशास्त्रज्ञ लिओनिडास मारिनेली आणि एलिनॉर ओश्री यांनी १९४६ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. इतर कर्करोगांच्या हाडातील गाठींना लागू नसलेला हा उपाय विभेदित थायरॉइड कर्करोगाला लागू पडतो. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवस असते, आणि ते आतूनच गाठीवर बीटा किरणांचा मारा करते. भारतात या उपचाराची परंपरा मुंबईची आहे: भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात सुरू झाले.

परंतु हे आयोडीन हाडापर्यंत पोचायचे तर गळ्यातली संपूर्ण ग्रंथी आधी काढावी लागते, नाहीतर तीच ते शोषून घेते. कमरेच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाला गळ्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते ती यामुळेच. सगळ्याच गाठी आयोडीन घेतात असे नाही. फुप्फुसातल्या बारीक गाठींच्या मानाने हाडातल्या मोठ्या गाठी त्याला कमी दाद देतात, म्हणून बाह्य किरणोपचार, एकच गाठ असल्यास ती शस्त्रक्रियेने काढणे, हाड बळकट करणारी झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅबसारखी औषधे आणि प्रसंगी लेन्व्हॅटिनिब यांची जोड द्यावी लागते. निदानाआधीच्या काळातील एक बारकावाही इथे मोलाचा ठरतो: सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देण्यात येणाऱ्या बहुतेक कॉन्ट्रास्ट औषधांत पुष्कळ आयोडीन असते, आणि ते शरीरातून निघून जाईपर्यंत किरणोत्सारी आयोडीनचा उपचार काही आठवडे लांबवावा लागतो. सुईला दिशा दाखवण्यासाठी काढलेल्या सीटीला सहसा कॉन्ट्रास्टची गरज नसते.

ज्या रुग्णाचा थायरॉइडचा कर्करोग आधीच सिद्ध झाला आहे आणि ज्याच्या हाडांत अनेक जागी आयोडीनचा शिरकाव स्कॅनवर स्पष्ट दिसतो, त्याला प्रत्येक गाठीत सुई टोचण्याची गरज नाही. गाठ एकच असेल, स्कॅनचे उत्तर संदिग्ध असेल किंवा हाडाचे दुखणे हेच पहिले लक्षण असेल, तेव्हा मात्र सुईशिवाय उपचार सुरू करणे समर्थनीय ठरत नाही. नमुन्याबरोबर प्रयोगशाळेत जाणाऱ्या अर्जावर ‘कमरेच्या मणक्याची गाठ’ एवढेच न लिहिता गळ्यात गाठ आहे का, पूर्वी गळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का आणि सुई कोणत्या वाटेने नेली, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहावे. आणि ज्यांची थायरॉइडची गाठ कधी काढली गेली आहे, मग ती वीस वर्षांपूर्वी ‘साधी’ म्हणून काढली असली तरी, त्यांनी तो जुना अहवाल जपून ठेवावा, शक्य असल्यास रुग्णालयाकडून मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या मिळवून ठेवाव्यात, आणि हाड दुखू लागल्यावर ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी.